चिऊचा घास

“मग कडूपणा गेला कुठं?”

मोतीगिरबाबांनी हे विचारलं तेव्हा गोळी त्यांच्या तोंडातच होती. दात एकही उरला नव्हता, त्यामुळे ती या गालातून त्या गालात नुसती फिरत होती.

“गेला, बाबा,” त्यांचा शिष्य श्रीपती म्हणाला.

“गेला म्हंजे?”

“नाहीसाच झाला. तुम्हाला लागतोय का कुठं?”

“नाही बुवा. गोड लागतंय. पेढ्यागत.”

श्रीपतीनं हसू दाबलं. दाबलं म्हणजे काय, दाबल्यासारखं केलं.

“किराइताचा काढा आटवून आटवून घट्ट केला,” तो सांगू लागला. “मोहरीहून थोडी मोठी गोळी वळली. तिला तुपाचा हात. वर गुळाचा पाक, दोनदा. त्यावर पुन्हा…”

“ते झालं रे. कडूपणा कुठं गेला?”

“सांगितलं ना, बाबा. गेला.”

बाबांनी गोळी गिळून टाकली आणि मिशीवरून हात फिरवला.

“जात नसतो तो,” ते म्हणाले. “कुठंतरी जाऊन बसला असंल. बघून ये.”

म्हातारा चळला, असं श्रीपती मनात म्हणाला. तोंडानं “हो” म्हणाला.

आता हे सगळं मी मठात ऐकलं तसंच सांगतोय, पदरचं काही घालत नाही. मठ होता डोंगराच्या सोंडेवर आणि खाली कोष्ट्यांची पेठ. पाऊसकाळ सरला की पेठेत हिवताप शिरायचा आणि मठाच्या पायऱ्यांवर माणसांची रीघ लागायची. मठामागं किराइताचे वाफे होते. औषध एकच, काढा. पण तो असा जालीम, की सकाळी घोटभर घेतला तर दुपारपर्यंत तोंडातून जायचं नाव काढायचा नाही.

मठाची एक रीत होती. काढा देणाऱ्यानं आधी रोग्यासमोर एक घोट स्वतः घ्यायचा. कशासाठी, ते बाबांनी कधी सांगितलं नाही. श्रीपतीनं कधी विचारलं नाही. त्यानं त्यातही सगळ्यांवर ताण केली, एवढंच. बाकीचे शिष्य घोट घेतला की तोंडं वेंगाडायचे, थू थू करायचे. हा पठ्ठ्या पाणी प्यावं तसा काढा प्यायचा. कपाळाला आठी नाही, डोळा बारीक नाही.

लोक म्हणायचे, “वा! काय ताबा आहे!”

श्रीपतीला ते ऐकायला फार आवडायचं.

हुशार होता, यात शंका नाही. पाठशाळेत शिकून आलेला, हात सफाईचा. बाबांचा काढा लोकांना रडवतो, हे त्याला खटकायचं. खटकणं चांगलंच होतं, उगाच का खोटं बोलू?

पेठेत सगुणाबाई नावाची कोष्टीण राहायची. नवरा लुगडी घेऊन दूरच्या बाजारांना गेलेला. घरात ती आणि पाच वर्षांचा भिवा. थोरला मुलगा गेल्या साली याच तापानं डोळ्यांदेखत गेला होता. तेव्हापासून भिवा नुसता शिंकला तरी बाई त्याच्या कपाळाला हात लावून बघायची.

आणि आता भिवाला तिजारा धरला. एक दिवस आड, उन्हं चढली की थंडी भरायची, दात वाजायचे, मग अंगाची भट्टी व्हायची. काढा दिला की पोर थुंकायचं. नाक दाबून घातला की ओकायचं. सगुणाबाई त्याचे पाय मांडीखाली दाबून धरायची आणि स्वतःच रडायची.

“रडू नका, बाई,” श्रीपती तिला म्हणाला. “तुम्ही त्याला भरवता कसं?”

“कसं म्हंजे? हा घास काऊचा, हा घास चिऊचा… तसंच की, महाराज.”

“मग काऊचा घास साधा द्यायचा. चिऊच्या घासात ही गोळी.”

“त्याला कळंल.”

“देवाला कळायचं नाही.”

आणि खरंच कळलं नाही. तापाची पाळी हलकी गेली. पोर दूधभात मागून खाऊ लागलं. सगुणाबाईनं मठाच्या पायरीवर नारळ ठेवला, आणि श्रीपती बाबांच्या समोरून उगाचच दोनदा गेला.

बाबा वाफ्यातलं गवत उपटत होते. त्यांनी वर पाहिलंच नाही.

मग एका सकाळी सगुणाबाई चढण चढून धापा टाकत आली. पदर खांद्यावरून घसरलेला, त्याची तिला शुद्ध नव्हती.

“ताप चढला?” श्रीपतीनं विचारलं.

“न्हाई.”

“मग?”

“त्यो… त्यो तोंडच उघडंना, महाराज.”

“म्हणजे?”

“काल पाळी उतरल्यावर चिऊचा घास दिला आन त्यानं कचकन चावला. गोळी फुटली.”

“थुंकला?”

“थुंकला. पर रडला न्हाई. माझ्याकडं बघितलं… नुसतं बघितलं. तवापासनं माझ्या हातचं काय घेत न्हाई. भात न्हाई, दूध न्हाई. पानी सुदिक न्हाई. भिंत धरून माठापातुर जातो, वंजळीनं पानी घेतो, आन आधी वंजळीत निरखून बघतो.”

श्रीपती खलात काहीतरी कुटत होता. त्याचा हात थांबला.

“उद्या पाळी हाय, महाराज,” सगुणाबाईचा आवाज चिरकला. “पोटात काय नसताना थंडी भरली, तर… थोरल्याचं बी शेवटाला असंच…”



बाबा वाफ्यातून उठले. हाताची माती झटकली.

“चल,” ते श्रीपतीला म्हणाले.

वाटेत श्रीपतीनं केळी घेतली, खडीसाखर घेतली. त्याच्या डोक्यात एकच चक्र चालू होतं, की आता याहून चांगलं कसं लपवायचं. पेठेच्या वळणावर तो जरा मागं रेंगाळला. मग पाय उचलून बाबांना गाठलं.

घरात माग बंद होता. एरवी ज्या घरात खटखट चालू असते, तिथली शांतता अंगावर येते. कोपऱ्यात वाकळेवर भिवा बसला होता. डोळे खोल गेलेले, ओठांची सालं निघालेली. आई जवळ गेली तसा तो भिंतीला आणखी चिकटला.

आई जागच्या जागी थांबली.

“भिवा,” श्रीपती उकिडवा बसला. “केळं खातोस?”

पोरानं हात पुढं केला.

भिवानं केळं सोललं. खाल्लं नाही. मोडलं. मोडलेलं पुन्हा मोडलं. बोटांनी पार चुरडून त्याचा लगदा केला आणि लगद्यात बघत राहिला.

काही नव्हतं.

त्यानं दुसरं केळं घेतलं. तेही मोडलं, चुरडलं.

त्यात होती.

श्रीपतीनं वळणावर रेंगाळून हेच केलं होतं. भिवानं ती गोळी दोन बोटांत उचलली आणि हळूच श्रीपतीच्या पायाशी ठेवली. पोर रडलं असतं, ओरडलं असतं, तरी परवडलं असतं.

“अरे, हे गोड आहे!” श्रीपती घाईघाईनं म्हणाला. गोळी उचलून त्यानं तोंडात टाकली, कडाकडा चावली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “बघ. गोड.”

भिवानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग भिंतीकडं तोंड करून निजला.

“बाबा,” सगुणाबाई खाली बसली. “काय तरी करा हो. माझं लेकरू माझ्यासमोर उपाशी मरतंय, आन माझ्याच हाताला भितंय…”

श्रीपती बाबांच्या कानाशी लागला.

“आता नाक दाबून घालावं लागेल, बाबा. दुसरा इलाज…”

“गप.”

बाबांनी एवढं तोडून कधी कुणाला म्हटलं नव्हतं. श्रीपतीचा चेहरा उतरला.

“बाई, गूळ हाय घरात?”

“हाय की.”

“आण. झाकू नको. त्याला दिसंल असा ठेव.”

गुळाचा खडा आला. त्याच्या शेजारी बाबांनी वाटी ठेवली आणि मठातून आणलेला काढा तिच्यात ओतला. काळा, दाट. वासानंच घर कडवट झालं.

“भिवा,” बाबा म्हणाले. “हे औषध. हे कडू आहे. कडूजहर.”

पोराचं डोकं थोडं वळलं.

“आणि हा गूळ. हा गोड आहे. ह्यात ते नाही, त्यात हे नाही.”

भिवा कुशीवर झाला. वाटीकडं बघू लागला.

“श्रीपती. मठाची रीत.”

श्रीपतीनं वाटी उचलली. घोट घेतला. पाणी प्यावं तसा घेतला, आणि वाटी खाली ठेवली.

“कसं आहे?” बाबांनी विचारलं.

“कडू.”

“तोंड तसं म्हणत नाही तुझं.”

भिवा श्रीपतीच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. श्रीपतीनं आठी घालायचा प्रयत्न केला. ओठ वाकडे करून पाहिले. डोळे मिचकावले. इतकी वर्षं कमावलेलं ते, एका घटकेत कसं मोडणार? नाटकातल्या सोंगासारखं काहीतरी झालं.

पोर घाबरून आणखी मागं सरकलं.

“होत नाही, बाबा…” श्रीपतीच्या कपाळावर घाम फुटला. “खरंच कडू आहे. पण होत नाही.”

“ठेव. बाजूला हो.”

ऊन उंबऱ्यावर आलं होतं. उद्या याच वेळी थंडी भरणार होती, हे तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांपैकी एकालाही त्यावर काही सुचत नव्हतं. बाबांनाही नाही. मी ज्यांच्याकडून ऐकलं ते म्हणतात, की बाबांना सगळं आधीच माहीत होतं. मला तसं वाटत नाही. बाबांनी त्या घटकेत गुळाचा खडा चार वेळा उचलून पुन्हा होता तिथंच ठेवला म्हणे. ज्याला सगळं माहीत असतं तो असं कशाला करेल?

सगुणाबाईनं वाटी उचलली.

कुणी सांगितलं नव्हतं. इतके दिवस ती हेच पोराच्या तोंडात घालत होती, कधी काढा, कधी गोळी. स्वतःच्या जिभेला तिनं ते एकदाही लावलं नव्हतं. तिनं मोठा घोट घेतला.

“आई गं…!”

तिचं तोंड पिळवटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. उमासा आला तसा तिनं पदर तोंडात कोंबला, अर्धा घोट बाहेर आला, अर्धा खाली गेला. श्रीपती पाणी घेऊन पुढं झाला, तर बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“लई कडू हाय रे,” सगुणाबाई पोराकडं बघून म्हणाली. “लई वंगाळ हाय. आन ते मीच घातलं व्हतं, भिवा. चिऊच्या घासात. म्या तुला फसवलं… तुझ्या आईनं फसवलं तुला.”

आणि ती हमसून हमसून रडू लागली. पोराला समजवायला बसलेली बाई, तिचंच भान सुटलं.

भिवा बघत राहिला.

मग वाकळेवरून घसरत घसरत तो गुळापाशी आला. नखानं एक कण काढला. या खेपेला त्यानं तो चुरडून पाहिला नाही. आईच्या गालाला धरून तिचं तोंड उघडलं आणि कण आत ठेवला.

“हा चिऊचा,” तो म्हणाला.

सगुणाबाईनं तो जिभेवर तसाच धरून ठेवला.

“मला बी,” भिवा म्हणाला.

“काय रे?”

“आधी कडू. मग चिऊचा.”

प्यायला म्हणता? एक घोट गेला आणि पोरानं असा टाहो फोडला, की पेठेच्या टोकाचे माग थांबले. आईला दोन गुद्दे घातले. थोडा काढा हनुवटीवरून ओघळला. पण पोटात गेला तो राहिला. मग गूळ. मग दूधभात. पहिला घास भिवानं आईच्या हातून घेतला.

परतताना चढणीवर श्रीपती बाबांच्या दोन पावलं मागून चालत होता.

“उद्या पाळीच्या आधी तू जा,” बाबा म्हणाले. “काढा घेऊन. एकटा.”

“मी?” श्रीपती थबकला. “बाबा, मला बघितलं की ते पोर पुन्हा… आणि घोट घ्यायचा तर माझं तोंड हलत नाही. त्याला खरं वाटायचं नाही.”

“तोंड हलत नसंल, तर जीभ हलव.”

दुसऱ्या दिवशी श्रीपती काढा घेऊन पेठेत उतरला. पोरानं आज पुन्हा तोंड मिटलं, तर? मिटलं आणि थंडी भरली, तर? कालचा एक घोट किती पुरणार?

भिवा आईच्या मांडीवर होता. श्रीपतीला पाहिलं मात्र, त्यानं आईच्या पदरात डोकं खुपसलं.

श्रीपती जमिनीवर बसला. वाटी उघडी, समोर ठेवली.

“भिवा, काल मी खोटं बोललो. गोळी कडू होती. मी गोड म्हणालो.”

पदर हलला नाही.

“केळ्यात मीच घातली होती.”

पदरातून एक डोळा दिसू लागला.

“हे पण कडू आहे. मला कडू लागतं. नेहमी लागतं. मी दाखवत नाही.”

“का?” भिवानं विचारलं.

पाठशाळेत श्रीपतीला असं कुणी अडवलं नव्हतं.

“लोक… शाबास म्हणतात,” शेवटी तो म्हणाला.

भिवानं विचार केला.

“येडा हाय,” तो आईला हळूच म्हणाला.

“हो,” श्रीपती म्हणाला. “आहे खरा.”

त्यानं वाटी उचलली, घोट घेतला. आणि चेहरा? तो मेला आजही दगडाचाच. एक रेघ हलली नाही. श्रीपतीनं डोळे मिटून घेतले. संपलं, त्याला वाटलं.

ओठांना काहीतरी लागलं.

त्यानं डोळे उघडले. भिवा समोर उभा होता, एका हातानं आईचा पदर धरून. दुसऱ्या हाताच्या चिमटीत गुळाचा कण होता.

“घे,” तो म्हणाला. “चिऊचा.”

श्रीपतीनं तोंड उघडलं.

आणि किराइताच्या काढ्यानं ज्याच्या कपाळाला कधी आठी पडली नाही, त्या माणसाचं तोंड गुळाच्या एका कणानं वाकडं झालं. ओठ थरथरले, डोळे बारीक झाले, हनुवटी वर-खाली होऊ लागली.

“गूळ कडू हाय?” भिवानं काळजीनं विचारलं.

श्रीपतीनं नुसती मान हलवली.

भिवानं काढा घेतला. रडला, पाय आपटले, घेतला.

उन्हं चढली तशी थंडी भरली. दात वाजू लागले. सगुणाबाईनं वाकळेवर वाकळ घातली आणि वर स्वतः ओणवी झाली. श्रीपती पायाशी बसून पोराचे तळवे चोळत होता. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हती. बघितलं असतं तर धीर सुटला असता. दात वाजत राहिले… वाजत राहिले…

थांबले.

सगुणाबाईनं कपाळाला हात लावून पाहिला. घाम आला होता.

“आई,” वाकळेखालून आवाज आला. “भूक.”

बाई एकदम हसली. मग रडली. मग चुलीकडं धावली.

श्रीपती मठात परतला तेव्हा बाबा वाफ्यात गवत उपटत बसले होते.

“ताप?”

“हलका गेला, बाबा. जेवला पोटभर.”

“हं.”

बाबांनी एक काडी उपटून बाजूला ठेवली.

“आणि तो सापडला का? कडूपणा?”

श्रीपतीनं बोलायला तोंड उघडलं. शब्द यायच्या आधी त्याचं तोंड पुन्हा तसंच वाकडं झालं, पेठेत झालं होतं तसं. त्यानं ते सावरायचा फार प्रयत्न केला.

“बाबा,” तो म्हणाला, “पण माझ्या मनात काही वाईट नव्हतं. मी तर त्या पोराच्या भल्यासाठीच…”

“राहू दे, लेका,” बाबा म्हणाले. “त्याच्यावर गूळ लावू नकोस.”